गाडीला थर्ड पार्टी विमा पुरेसा आहे का?

'गाडी जुनी आहे, सक्तीचा थर्ड पार्टी पुरे' आणि 'मिळतील तेवढी ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची वाढीव संरक्षणं) घेऊन टाका', ही दोन्ही मतं मला टोकाची वाटतात.

थर्ड पार्टी समोरच्याचं नुकसान भरून देतो. आपली गाडी चोरीला गेली, जळली किंवा पुरात बुडाली तर एक छदामही मिळत नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा, उद्या गाडी गेली तर पदरमोड करून दुसरी घेता येईल का? येत असेल तर जुन्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा वरचा विमा नसला तरी चालेल, कारण भरपाई सहसा घसरलेल्या किमतीइतकीच मिळते. गाडी कर्जावर असेल तर मात्र हीच घसरण अंगाशी येते: भरपाई कमी, कर्जाची बाकी जास्त. मधली दरी भरून काढणारं वेगळं संरक्षण मिळतं, त्याची चौकशी जरूर करा.

झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन) नव्या गाडीला उपयोगी, कारण एरवी प्लास्टिक-रबराच्या भागांवर घसारा कापला जातो. पाणी साचणाऱ्या भागात इंजिनाच्या नुकसानीचं ॲड-ऑनही घ्यावं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकतात आणि क्लेमवरून वाद होतो तो वेगळाच.

आणि हो, बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करून मी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) घालवून बसलोय! तेव्हापासून किरकोळ खर्च स्वतःच करतो आणि ऐच्छिक वजावट (क्लेममधला आपण स्वतः भरायचा वाटा) वाढवून हप्ता कमी ठेवतो.