लेन्स आणि विहिरीचं पाणी: तुमचे अनुभव लिहा

काल भाचा मुंबईहून आला. संध्याकाळी बघते तर विहिरीवर ओंजळीत पाणी घेऊन लेन्स खळबळवतोय. "सोल्यूशन संपलं मावशी, पाणी चांगलं आहे." माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. २०११च्या गणपतीत मी आईला हेच म्हटलं होतं.

सात दिवस डबीत विहिरीचं पाणी भरलं. परत जाईपर्यंत डोळा लालभडक, ट्यूबलाइटकडे बघवेना. आधी डोळे आलेत म्हणून थेंब मिळाले, त्यात दोन आठवडे गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, बुबुळावरून खरवडून तपासायला दिलं. अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव निघाला. विहीर, नळ, समुद्र, कुठल्याही पाण्यात असतो. पाणी नितळ दिसलं म्हणून काही नाही, लेन्सला चिकटून आत शिरतो. सुरुवातीला तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. आई गजर लावून उठायची आणि किती वेळा घातले त्याच्या रेघा कॅलेंडरवर मारायची. सात महिने. अजून उजव्या डोळ्याला समोरच्या गाडीचा दिवा फुटलेला दिसतो.

तुमच्यापैकी कुणाला असं काही झालंय?

सोलकढी
बाप रे. आईला नमस्कार सांगा.

तारकर्लीकर
स्नॉर्केलिंगला पर्यटक लेन्स घालूनच उतरतात. मास्कमध्ये पाणी शिरतंच. मी सांगतो, काढा, नंबरचा मास्क मिळतो. घातलीच असेल तर रोजची फेकायची लेन्स घाला आणि बाहेर आल्याबरोबर टाकून द्या.

पानफुटी
मी उरलेल्या सोल्यूशनमध्येच थोडं नवीन ओतते. चालतं ना? घाईत लिहितेय, कुकर लावलाय

ओटीवरून (धागाकर्ती)
नाही गं. जुनं पूर्ण ओतून टाक, नवीन भर. लेन्स तळहातावर ठेवून बोटाने चोळायची, मग सोल्यूशननेच धुवायची. डबीपण पाण्याने नाही. आणि तीन महिन्यांनी डबीच बदल.

पानफुटी
आत्ता डबीच्या तळाला बोट लावलं तर बुळबुळीत आहे!! टाकली.

भातशेती
लेन्सचं नाही, पण लिहितो. काकांना कापणीत भाताचं पातं डोळ्यात लागलं. कुणीतरी घरातले जुने थेंब दिले, त्यात स्टिरॉइड होतं. लाली उतरली म्हणून सगळे खूश, आत बुरशी वाढत होती. त्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब घालू नका हो.

सोलकढी
वाईट वाटलं. आमच्याकडेही कापणीत हे होतं, कुणी मनावर घेत नाही.

जामसंडे_आजोळ
ओटीवरून, गाव देवगडकडचं का? आंबा कसा आहे यंदा?

मिरचीकोळंबी
कोळंबीला वाटण करून लेन्स काढायला गेले. साबणाने दोनदा हात धुतले होते तरी आग आग. आता आधी लेन्स काढते, मग वाटण. दुपारी लेन्स घालून झोपणं पण बंद केलं, मिटल्या पापणीखाली बुबुळाला हवा कमी मिळते म्हणाले.

लाटांचा_आवाज
लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर? मुलगी घाबरून लेन्स घालतच नाही.

तारकर्लीकर
मागे जाऊच शकत नाही, पापणीच्या आतलं अस्तर तिथे वळून डोळ्याला जोडलेलं असतं. वरच्या पापणीखाली सरकते फक्त. सांगा तिला.

सोलकढी
२०२३च्या डोळ्यांच्या साथीत मी वापरातली जोडी आणि डबी, दोन्ही टाकली. डोळा पूर्ण बरा होईपर्यंत चष्माच.

ओटीवरून
जामसंडे_आजोळ, हो, तिकडचंच. मोहोर बरा होता, फळ कमी धरलंय.
भातशेती, काकांचं वाचून गप्प बसले थोडा वेळ.
देवगडहून बाटली आणली. कालची लेन्स टाकायला लावली, भाचा आज चष्म्यावर आहे. नवीन डबी सोल्यूशनने धुवून ओटीवर टिश्यूवर पालथी घातलीय. आई विचारतेय, हे काय सुकत घातलंय, ऊन लागेल असं सरकवू का.