मदत हवी आहे : 'बेअरफूट गेन' आठवी-नववीच्या मुलांसोबत कसं वाचावं?

मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर १३-१४ वर्षांची नऊ मुलं केइजी नाकाझावांच्या 'बेअरफूट गेन' या जपानी चित्रकथेचा पहिला खंड इंग्रजीतून वाचताहेत. नाकाझावा स्वतः सहाव्या वर्षी हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेले, त्यामुळे चित्रांत काही झाकलेलं नाही. शेवटी घराखाली अडकलेले गेन या छोट्या नायकाचे वडील, बहीण, धाकटा भाऊ आणि जवळ येणारी आग. त्या पानावर एक मुलगी पुस्तक उपडं ठेवून पाणी प्यायला गेली, ती परत आलीच नाही. दोघं मुलगे खिदळत होते. (मला तो निगरगट्टपणा वाटला नाही, घाबरले होते बिचारे.)

पालकांना आधी कल्पना दिली होती, त्यांची हरकत नाही. पुढच्या वेळी ती पानं वगळली, तर पोरांनी घरी नेटवर नेमकी तीच शोधली. 'काय वाटलं?' विचारलं की सगळे चिडीचूप.

'पुस्तकच काढून घ्या' एवढं कृपया सांगू नका. जपानमध्ये मात्सुएच्या शिक्षण मंडळाने २०१२मध्ये शाळांना ते मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवायला सांगितलं होतं, आणि २०१३मध्ये टीका झाल्यावर तो निर्णय मागे घ्यावा लागला.

आठवड्याला एकच तास मिळतो, समुपदेशक वगैरे कोणी नाही. मुलांसोबत असं काही वाचलेल्यांनी सांगा : बोलणं त्याच दिवशी काढावं की आठवडा जाऊ द्यावा? आणि त्या मुलीला परत बोलावताना पुस्तकाचा विषय काढू की नको?