बी-३०२ च्या कॉम्प्युटरची स्क्रीन मध्येच काळी पडते

बी-३०२: नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, तरी विचारते. मुलीच्या कॉम्प्युटरची स्क्रीन अचानक काळी पडते. कधी चार-पाच सेकंदांत परत येते, कधी बटण दाबून बंदच करावा लागतो. तिचा इंटिरियरचा कोर्स आहे आणि सबमिशन तोंडावर आलंय. दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्ड गेलं, नवीन घ्या, २५ हजार होतील. काय करू?

सी-१०४: वहिनी, रॅम काढून पिना खोडरबरने पुसा. आमचा तसाच सुरू झाला होता.

ए-२०१: व्हायरस असणार. फॉरमॅट मारून टाका.

ए-५०४: वहिनी, कार्ड इतक्यात घेऊ नका. आणि काका, फॉरमॅट आत्ता नको, पोरीचं सगळं काम त्यात आहे. आधी दोन गोष्टी विचारून सांगा. स्क्रीन जाते तेव्हा गाणं लावलेलं असेल तर ते चालू राहतं का? आणि मॉनिटरचा दिवा विझतो, की ‘नो सिग्नल’ येतं?

बी-३०२: गाणं चालूच राहतं म्हणते. कधीकधी मात्र तेही अडकतं, घर्रर्र आवाज येतो आणि मग सगळंच ठप्प. दिवा विझत नाही, ‘नो सिग्नल’ येतं.

ए-५०४: मग मॉनिटरला वीज नीट मिळतेय आणि विंडोजही जिवंत आहे. अडतंय ते चित्र पाठवणाऱ्या बाजूला. ग्राफिक कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ते अडकलं असं धरतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच परत चालू करतं. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. तुम्हाला दिसतात ते चार-पाच सेकंद बहुधा याचेच. ते जमलं नाही की मशीन बसतं. पण कार्ड अडकलं म्हणजे कार्डच खराब, असं नाही. ड्रायव्हर, गरम होणं, रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा भाग), काहीही असू शकतं. म्हणून तर म्हणतो, पैसे घालायच्या आधी कारण शोधू.

स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगा. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. स्क्रीन गेली त्या वेळेच्या आसपास लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदी असतील, त्यांचे फोटो टाका. आणि त्या वेळी ती काय करत होती तेही एका कागदावर लिहून ठेवू दे.

डी-४०३: खुर्चीकडेही बघा. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठलं-बसलं की स्टॅटिक तयार होतं आणि मॉनिटरची केबल ते पकडते. आमच्या ऑफिसात एका टेबलावरची स्क्रीन यानेच जायची. चांगली केबल लावल्यावर थांबलं.

ए-५०४: ताई, बरोबर आहे, हे खरंच होतं. पण त्यात चित्र सेकंद-दोन सेकंदांत परत येतं, मशीन बंद पडत नाही. तरी केबल दोन्ही बाजूंनी काढून घट्ट बसवा, दुसरी असेल तर बदलून बघा. फुकटचं काम आहे.

बी-३०२: फोटो टाकलेत. बऱ्याच ठिकाणी ‘डिस्प्ले ४१०१’ आहे आणि काही ठिकाणी ‘कर्नल-पॉवर ४१’.

ए-२०१: ४१ म्हणजे एसएमपीएस गेला. मी वाचलंय.

ए-५०४: नाही काका. ४१ एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. ती बटण दाबून बंद करते, तेव्हाही हीच नोंद पडते. कामाची नोंद ४१०१ आहे, ड्रायव्हर थांबला आणि सावरला त्याची. कागदावर काय लिहिलंय?

बी-३०२: जवळजवळ प्रत्येक वेळी रेंडर सुरू करताना, म्हणजे डिझाइनचं पक्कं चित्र तयार करायला लावते तेव्हा. नुसतं टायपिंग करताना एकदाही नाही. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक करंट लागतो म्हणते.

ए-५०४: रेंडर सुरू झालं की कार्ड एकदम जास्त वीज ओढतं. कार्डाला एसएमपीएसकडून किती वायरी आल्यात? बाजूचं झाकण काढून फोटो टाका, पण आधी स्विच बंद करून प्लग काढा.

बी-३०२: टाकला.

ए-५०४: हे बघा. कार्डावर ८ पिनांची दोन सॉकेट आहेत आणि दोन्ही एकाच वायरच्या दोन तोंडांनी भरलीत. ८ पिनांचं एक सॉकेट १५० वॅटपर्यंत देतं, मदरबोर्डचा स्लॉट ७५. इथे दोन्ही सॉकेटचा भार एकाच वायरीवर येतोय. एसएमपीएस विकत घेताना ज्या खोक्यात आला, त्यात दुसरी वायर असेल, ती दुसऱ्या सॉकेटला स्वतंत्र लावा. खोक्यातलीच हवी! दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची वायर तोंडाला बसते पण आतला पिनांचा क्रम वेगळा असतो, कार्ड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात. आणि एसएमपीएस स्वतः कोणीही उघडू नका, बंद असला तरी आत चार्ज राहतो.

सी-१०४: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, ते २ सेकंद वाढवता येतात ना? माझ्या भाच्याने केलं होतं.

ए-५०४: येतात, पण त्याने मूळ कारण जात नाही, स्क्रीन फक्त जास्त वेळ अडकून राहते. आणि वहिनी, आज फक्त वायर बदला. ड्रायव्हर आणि रॅमला हात लावू नका. सगळं एकदम केलं तर कशाने सुटलं ते कळणार नाही.

बी-३०२: वायर मिळाली, लावली. संध्याकाळपासून तीन मोठे रेंडर झाले, स्क्रीन गेली नाही. दुकानदाराला फोन करून कार्ड थांबवलंय. तुमचे खूप उपकार झाले दादा.

ए-५०४: उपकार कसले! सबमिशन होईपर्यंत असंच चालवा, फाइल्सची कॉपी मात्र पेनड्राइव्हवर घ्या. परत गेलीच तर कार्ड माझ्या मशीनला लावून बघू. तिथेही स्क्रीन गेली, तर मग कार्डाचं बोलू. पत्र्याला करंट लागतो ते मात्र सोडू नका. कॉम्प्युटरचा प्लग तीन पिनांचा आहे ना? आणि एक्स्टेंशन बोर्ड?

बी-३०२: बोर्ड जुना आहे, दोन पिनांचा.

ए-५०४: तो आजच काढा. भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला थेट लावा. तरीही करंट लागला तर सॉकेटचं अर्थिंग बघायला हवं.

बी-१०१: आमच्या फ्रिजलाही मधूनमधून करंट लागतो. आम्ही पण बी विंगच.

सचिव: दोघांचीही नोंद घेतली. सोमवारी इलेक्ट्रिशियन पंपासाठी येणारच आहे, बी विंगचं अर्थिंगही त्याच्याकडून मोजून घेतो. दुपारी कोणीतरी घरी थांबा.