स्टार ट्रेकचा तिसरा सीझन घ्यावा का? ('स्पॉक्स ब्रेन'ने हिरमोड केलाय)

तळ्यातमळ्यात: मंडळी, सल्ला हवाय. बाबांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ स्टार ट्रेक ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका बघितली होती, म्हणून त्यांच्यासाठी पहिले दोन सीझन आणले. दोघांनी फडशा पाडला. तिसऱ्याचा पहिलाच भाग, १९६८चा 'स्पॉक्स ब्रेन', मित्राकडे बघितला आणि कपाळावर हात मारला. एक बाई यानात येते, सगळ्यांना आडवं करते आणि यानावरचा अधिकारी स्पॉक, त्याचा मेंदू घेऊन पसार. उरलेला स्पॉक रिमोटवर चालतो! बटण दाबलं, टिक्, स्पॉक वळला. उरलेले २३ भागही असेच आहेत का? डीव्हीडी संच घेऊ का? बजेट १२००, वर एक रुपया नाही.

रात्रपाळी: ब्लू-रे घे. मी तिन्ही सीझन घेतले, साडेसात हजार पडले. जुने इफेक्ट्स आणि २००६ नंतर केलेले नवे, दोन्ही आहेत, हवे ते लावा. प्लेअर नसेल तर तोही घेऊन टाक.

बोंबीलफ्राय_७२: नवे इफेक्ट्स म्हणजे जुन्या पैठणीला प्लास्टिकची जर. आम्ही शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटवर बघितली, काही अडलं नाही.

रात्रपाळी: आधी बघा, मग बोला.

पमाआत्या: बाळा, लेकीने न्यू जर्सीहून संच आणला होता. आमच्या प्लेअरने आत घेतला आणि तस्साच बाहेर काढला. डीव्हीडी ज्या भागासाठी, म्हणजे रीजनसाठी, बनते त्याच रीजनच्या प्लेअरवर चालते. अमेरिकेचा रीजन १, आपला ५. खोक्यामागे पृथ्वीचं छोटं चित्र असतं, त्यातला आकडा बघूनच पैसे दे. माझ्या संचावर सध्या फोन चार्जिंगला असतो.

जुनाखोंड: सगळा सीझन वाईट नाही. एनबीसी या अमेरिकन वाहिनीने मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली, पैसे कापले, मालिकेचा जनक रॉडेनबेरीने अंग काढून घेतलं. गंमत म्हणजे 'स्पॉक्स ब्रेन' लिहिलाय जीन कूनने, ली क्रोनिन या टोपणनावाने. ज्याने मालिकेतले शत्रू क्लिंगॉन दिले तोच हा! नाव लपवलं ते बरंच केलं. 'द एंटरप्राइझ इन्सिडेंट', 'द थोलियन वेब', 'ऑल अवर यस्टरडेज' हे तीन चुकवू नकोस. 'द वे टू ईडन'मध्ये हिप्पी गाणी म्हणतात, तेव्हा चहा टाकायला उठ.

काकडी_कोशिंबीर: मला एकच सांगा, मेंदू काढला आणि परत बसवला, तरी स्पॉकचा भांगसुद्धा विस्कटत नाही? मला दाढ काढल्यावर आठ दिवस तोंड उघडता येत नव्हतं.

बोंबीलफ्राय_७२: त्याहून कहर म्हणजे यानावरचा डॉक्टर मॅकॉय डोक्यावर यंत्र घालून शस्त्रक्रिया शिकतो आणि अर्ध्यावर विसरतो. मग टेबलावरचा स्पॉकच त्याला सांगतो, आता हे जोड, आता ते जोड.

काकडी_कोशिंबीर: माझ्या दाढेच्या वेळी मीच सांगत होते, ही नाही, पलीकडची. ऐकलं नाही.

रात्रपाळी: ब्लू-रेवर भांग जास्त स्पष्ट दिसतो.

जुनाखोंड: धागा कुठे चाललाय? आणि हो, रीजन बघून घे रे.

पमाआत्या: तेच तर मी वर लिहिलंय.

तळ्यातमळ्यात: सगळ्यांचे आभार. काल बाबांना मित्राकडे नेलं. म्हटलं, 'स्पॉक्स ब्रेन' बघून तेच नको म्हणतील. पण यानाचा कप्तान कर्क रिमोटने स्पॉककडून त्या बाईच्या मनगटावरचं बटण दाबून घेतो ना, तिथे बाबा इतके हसले की ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाले, मागे घे, परत लाव. तीनदा लावला. येताना जुन्या सामानाच्या दुकानात संच दिसला, ९०० ला. घेतला.

रीजन १ आहे.

पमाआत्या: आकडा बघ म्हटलं होतं ना! जाऊ दे, माझाही घेऊन जा, चार्जर ठेवायला मी दुसरं काही बघेन.

रात्रपाळी: १२०० मधले ३०० उरले की. ब्लू-रेसाठी साठव.