महागडा जुना लॅपटॉप ऑनलाइन विकायचाय: पैसे आणि डेटा दोन्ही कसे सांभाळायचे?

रानवारा
दोन लॅपटॉप विकायचे आहेत. एक मॅकबुक प्रो (एम१ प्रो, १६ जीबी), दुसरा विंडोज ११ असलेला थिंकपॅड. दोन्ही ठणठणीत, बिलं जपलेली आहेत. प्रश्न असे:
१. पुसायचं नक्की कसं? फॉरमॅट मारला की पुरे?
२. आधीच सगळं पुसलं तर घेणाऱ्याला चालवून काय दाखवायचं?
३. पैसे कसे घ्यावेत, म्हणजे नंतर कोणी ते परत ओढणार नाही?
४. कुरिअरने पाठवायची वेळ आली तर?

खटपट्या
फॉरमॅटवर एखादं श्रेडर सॉफ्टवेअर सात वेळा फिरवा. काही उरत नाही.

पितळी_डबा
खटपट्या, हा सल्ला फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कच्या जमान्यातला आहे. त्याच जागेवर पुन्हा लिहिल्याचं आपल्याला दिसतं, पण एसएसडीचा (आजच्या लॅपटॉपमधली, तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) कंट्रोलर झीज वाटून घेण्यासाठी तो डेटा भलत्याच पेशींत लिहितो. जुनी प्रत राखीव भागात राहू शकते, आणि सात फेऱ्यांत डिस्क झिजते ती वेगळीच. एसएसडीसाठी दोनच गोष्टी खऱ्या: आधीपासून एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता न येणं) असेल तर किल्ली नष्ट करणं, नाहीतर डिस्कची स्वतःची सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ आज्ञा.

पुसण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. बॅकअप घ्या आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. विंडोज हॅलोने (चेहरा, बोट किंवा पिनने लॉगिन) केलेल्या पासकी, म्हणजे पासवर्डऐवजीच्या किल्ल्या, त्या लॅपटॉपच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्येच असतात, लॅपटॉप रीसेट केला की गेल्या. म्हणून ज्या खात्यांना त्या वापरता, तिथे लॉगिनची दुसरी सोय आधी करून ठेवा. ठरावीक संख्येच्या मशीनवरच चालणारी सॉफ्टवेअर असतील तर त्यांतूनही साइन आउट करा.

मॅक: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, मग 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. ही सोय मॅकओएस १२ पासून, अ‍ॅपल सिलिकॉन किंवा टी२ चिपच्या मशीनवर आहे, म्हणजे तुमच्याकडे असणारच. ती एन्क्रिप्शनची किल्लीच उडवते, त्यामुळे काम काही मिनिटांत होतं. मध्येच अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड मागेल, तो द्यायचाच. 'फाइंड माय' (हरवलेलं मशीन शोधायची सोय) आणि अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (दुसऱ्याला मशीन सुरू करू न देणारं कुलूप) त्यानेच सुटतात. लॉक राहिला तर घेणाऱ्याच्या हातात नुसता पत्रा. नंतर फोनवरून आपल्या उपकरणांच्या यादीतूनही हा मॅक काढून टाका.

थिंकपॅड: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पुढच्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज' उघडून 'क्लीन डेटा' चालू करा. बहुतेक जण नेमकी हीच पायरी वगळतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो बंद करत बसू नका, एन्क्रिप्टेड अवस्थेतच रीसेट करा. काही थिंकपॅडमध्ये बायोसमधूनच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) 'सिक्युअर वाइप' करता येतं. ते वापरलंत तर विंडोज पेनड्राइव्हवरून नव्याने टाकावं लागेल. शेवटी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतूनही मशीन काढा.

निळी_शाई
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. विंडोज रीसेट झाल्यावर देश निवडायचा पहिला पडदा येतो, तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये सुरू होतं: खातं लागत नाही, डेस्कटॉप येतो. कीबोर्ड, पडदा, पोर्ट, वायफाय, कॅमेरा सगळं दाखवा. दाखवून झालं की समोर उघडलेल्या सिसप्रेपच्या चौकटीत 'आउट-ऑफ-बॉक्स एक्स्पीरियन्स' आणि शटडाउन निवडा. घेणाऱ्याला पुन्हा कोरा पडदा मिळतो.

मॅकवर अ‍ॅपल खातं न घालता 'चाचणी' नावाचा युजर करा, आणि सौदा झाल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा इरेज करा. कोऱ्या मॅकचा तो 'हॅलो'चा पडदा स्वतः पाहिला की गिऱ्हाइकाच्या मनातली शंकाही जाते.

जाहिरातीत 'बॅटरी उत्तम' लिहिण्याला काही अर्थ नाही, आकडे द्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता, आजची पूर्ण चार्ज क्षमता आणि सायकल संख्या (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली) मिळते. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या पॉवर विभागात सायकल दिसतात. या मॅकबुकसाठी अ‍ॅपलची मर्यादा १००० सायकलची आहे. पोचा, ओरखडा, मेलेला पिक्सेल असेल तर त्याचा जवळून फोटो द्या. भेटीत घासाघीस होते ती न सांगितलेल्या दोषावरूनच.

फोटोत सिरीयल नंबर झाका, नाहीतर त्याच नंबरावर दुसरा कोणी खोटी जाहिरात लावू शकतो. भेटीत मात्र तो तपासू द्या. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही जातात, तेव्हा पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका. बिलाचा फोटो देत असाल तर पत्ता आणि कार्डाचे आकडे खोडा.

तिजोरी
पैशांचं सांगतो. कार्डाने किंवा 'खरेदीदार संरक्षण' असलेल्या वॉलेटने आलेले पैसे उलटू शकतात. कार्डाच्या बहुतेक तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. चेक खात्यात जमा झालेला दिसतो आणि काही दिवसांनी परत येतो. म्हणून समोरासमोरच्या सौद्यात रोख किंवा थेट बँक ट्रान्सफर. ट्रान्सफर झाला की नाही ते फक्त आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये, स्वतः उघडून बघायचं. समोरच्याच्या फोनवरचा हिरवा टिक, स्क्रीनशॉट, एसएमएस, ईमेल यांतलं काहीही पुरावा नाही, सगळं बनवता येतं.

ज्याकडे कोणी बघत नाही अशी एक गोष्ट: पाठवणाऱ्याचं नाव. माणूस समोर एक आणि पैसे भलत्याच नावाच्या खात्यातून, असं असेल तर सौदा थांबवा. चोरलेल्या खात्यातून आलेली रक्कम असली तर लॅपटॉपही गेला आणि तपास संपेपर्यंत तुमचं खातंही गोठलं.

बाकी सापळे ठरलेले आहेत. चुकून जास्त पाठवले, फरक परत करा (मूळ रक्कम नंतर उलटते). पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा. तुम्ही खरे आहात का बघतो, आलेला कोड सांगा (त्या कोडाने तुमच्याच नंबरावर खातं उघडतात). कुरिअर कंपनीची म्हणून आलेली लिंक, आणि तिथे कार्डाचा नंबर. पैसे घेण्यासाठी पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे आकडे कधीच द्यावे लागत नाहीत. घासाघीस न करता, एकही तांत्रिक प्रश्न न विचारता महाग वस्तू घेणारा माणूस मला तरी गिऱ्हाईक वाटत नाही.

साइटची स्वतःची पैसे अडकवून ठेवण्याची सोय असेल तर ती चांगली. पण बोलणं आणि व्यवहार साइटच्या आतच ठेवा. बाहेरच्या चॅटवर गेलात की ते संरक्षण संपलं.

भेट बँकेच्या शाखेत ठेवा. रोख तिथेच मोजून भरता येते. घरी बोलावू नका, एकटे जाऊ नका, चार्जर विसरू नका.

रानवारा
मनापासून आभार. थिंकपॅडला बायोसचा सुपरवायझर पासवर्ड आहे. रीसेटमध्ये तो जाईल ना?

पितळी_डबा
नाही, तो विंडोजच्या खाली असतो. आत्ता आठवतोय तोवर बायोसमध्ये जाऊन रिकामा करा. हा पासवर्ड विसरला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर एकच, सिस्टिम बोर्ड बदला. मशीन कधी ऑफिसच्या व्यवस्थापनाखाली असेल तर तिथल्या आयटीकडून ऑटोपायलटमधली (ऑफिसची मशीन नोंदवून ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) नोंदही काढून घ्या. नाहीतर नव्या मालकाने विंडोज टाकलं की पडद्यावर तुमच्या ऑफिसचंच लॉगिन येईल.

दोरा_चिकटपट्टी
कुरिअर शक्यतो टाळा. टळत नसेल तर:

खोक्यात खोकं. आतल्या खोक्याच्या सहाही बाजूंना किमान ५ सेंमी उशी, हलवून पाहिलं तर आत काही सरकता कामा नये. पडदा आणि कीबोर्डच्या मध्ये कापड किंवा फोम घालू नका, कॅमेऱ्यावरची झाकणीही काढा. मॅकबुकमध्ये ती फट इतकी बारीक असते की दाबाने पडदाच तडकतो. चार्जर वेगळा गुंडाळा. लॅपटॉप स्लीपमध्ये नको, पूर्ण बंद करा. चार्ज ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. आत लिथियम-आयन बॅटरी आहे हे काउंटरवर सांगा. फुगलेली बॅटरी विमानाने पाठवताच येत नाही, ती आधी बदला.

'खोकं रिकामं आलं' आणि 'दुसराच लॅपटॉप आला' या दोन तक्रारींची तयारी आधीच ठेवा. सिरीयल नंबर, चालू पडदा, पॅकिंग आणि चिकटवलेलं लेबल हे सगळं एकाच अखंड व्हिडिओत घ्या. पावतीवर वजन छापून घ्या. थिंकपॅडची एसएसडी निघते, काही मॉडेलमध्ये रॅमही, आणि परतीच्या वेळी हेच भाग बदललेले येतात. आतले नंबर दिसतील असे फोटो काढा आणि खालच्या एका स्क्रूवर फाटणारं सील लावा. सील असल्याचं जाहिरातीतच लिहा. विमा घेताना इलेक्ट्रॉनिक्ससाठीची कमाल रक्कम विचारा, ती बऱ्याचदा लॅपटॉपच्या किमतीपेक्षा कमी निघते. पार्सल सहीशिवाय देऊ नका असं नोंदवा, आणि पैसे आल्यावर कोणी 'पत्ता बदलला' म्हणालं तर ऑर्डर रद्द करा.