सोलापूरहून जयपूरला कारने बिऱ्हाड हलवणे: सोबत कुत्रा, मांजरी आणि पोपट

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. यजमानांची जयपूरला बदली झाली असून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना तिथे रुजू व्हायचे आहे. घरसामान ट्रकने जाईल. आम्ही दोघे, सहावीत जाणारी मुलगी आणि सासूबाई असे चौघे आमच्या सात आसनी गाडीने निघणार आहोत. सोबत सहा वर्षांचा गावठी कुत्रा, तीन वर्षांची मांजरी आणि सासूबाईंचा हिरवा पोपट आहे. कुत्र्याला गाडीची आवड आहे, पण त्याची मजल अक्कलकोटपर्यंतचीच. तुळजापूरच्या घाटात त्याच्या तोंडाला लाळ सुटते. मांजरीला गाडी म्हणजे दवाखाना एवढेच ठाऊक असल्याने ती घराच्या फाटकापासून ओरडायला लागते.

रस्ता कागदावर तरी सरळ दिसतो. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरातूनच जातो आणि बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा करत थेट जयपूरला पोहोचवतो. अंतर साधारण १३०० किलोमीटर आहे. चालवणारे आम्ही दोघे असल्यामुळे इंदूरला एकच मुक्काम करून दोन दिवसांत पोहोचावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र ऐन उन्हाळ्यात ही घाई नको वाटते. प्राण्यांना झोपेचे औषध द्यावे का, त्यापेक्षा त्यांना रेल्वेने न्यावे का, आणि भाकरी-दुधावर वाढलेल्या कुत्र्याच्या खाण्याचे वाटेत काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. मांजर माणसांची नसते, घराची असते, तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे ठेवून जा, असा सल्ला नातेवाईक देत आहेत. त्यावरही मत हवे आहे.

होटगी_रोड

याच रस्त्याने आम्ही कुत्र्यासह इंदूरला बिऱ्हाड हलवले होते, त्यामुळे तिथपर्यंतचे खात्रीने सांगतो. दोन दिवसांचा बेत सोडून द्यावा. माणसे सलग बारा तास बसू शकतात, कुत्राही एक वेळ बसेल. परंतु दोन दिवसांत पोहोचायचे म्हणजे दुपारी बारा ते चार या वेळेत रस्त्यावर असणे आले आणि मे-जूनमध्ये खरा धोका त्या चार तासांचा आहे. गाडी चालू असेपर्यंत वातानुकूलन असते. पण टायर पंक्चर झाला, टोलनाक्यावर रांग लागली किंवा जेवायला थांबलात, की प्राणी उन्हात सापडतात. बाहेर चाळीस अंश असताना बंद गाडीतला पारा काही मिनिटांतच पन्नासच्या घरात जातो, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही.

म्हणून दिवस पहाटे चारला सुरू करून सकाळी दहा-अकराला संपवावा. पहिला मुक्काम संभाजीनगर, दुसरा इंदूर, तिसरा कोटा आणि चौथ्या दिवशी जयपूर, असे टप्पे पडतात. यातला दुसरा टप्पा चारशे किलोमीटरच्या वर जातो आणि त्यातच कन्नडचा घाट व सेंधव्याजवळचा बिजासन घाट येतो. तो जड वाटला तर धुळ्याला आणखी एक मुक्काम करावा, त्यात कमीपणा काहीच नाही. संभाजीनगरहून पहाटे निघाल्यास कन्नडचा घाट उजाडण्याच्या सुमारास उतरता येतो. त्या वेळी कुत्र्याचे पोट रिकामे असावे.

तुळजापूरला दर्शन घेऊनच पुढे जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि सासूबाईंचाही तसा आग्रह असेल. दर्शन अवश्य घ्यावे, पण एकाने गाडीत, एसी चालू ठेवून थांबावे. रांग किती वेळ चालेल हे कोणीच सांगू शकत नाही.

मुक्कामाची खोली ठरवताना ‘पाळीव प्राणी चालतात का’ असे मोघम विचारू नये. कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, दोन्ही खोलीतच झोपतील, हे स्पष्ट सांगून तसा लेखी संदेश मागवावा. आम्हाला एका ठिकाणी फोनवर होकार मिळाला होता आणि दारात गेल्यावर कुत्र्याला गच्चीवर बांधण्यास सांगण्यात आले. रात्री नऊला दुसरी जागा शोधावी लागली.

आणखी एक. सात आसनी गाडीत कुत्र्याची जागा तिसऱ्या ओळीत करणार असाल तर निघण्याआधी एखाद्या दुपारी चालत्या गाडीत स्वतः तिथे अर्धा तास बसून पाहावे. पुढे गारठा आणि मागे भट्टी असा प्रकार पुष्कळ गाड्यांत असतो.

निवृत्त_पशुवैद्यक

झोपेच्या औषधापासून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्वतःच्या मनाने काहीही देऊ नये. गुंगीच्या औषधाने प्राण्याचा तोल जातो, रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते. उन्हाळ्यात नेमकी तीच क्षमता हवी असते. कुत्र्याला मळमळ होते हे लाळेवरून दिसतेच आहे, तेव्हा त्यासाठी उलटी थांबवणारे वेगळे औषध मिळते. ते वजनानुसार आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मांजरीची भीती कमी करणारे औषधही डॉक्टर देऊ शकतात. मात्र ते प्रवासाच्या आधी एकदा घरी देऊन तिच्यावर काय परिणाम होतो ते पाहून ठेवावे. माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

कुत्रा आणि मांजरी एकाच गाडीत आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. प्रवासापूर्वी कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचे औषध टाकण्याची पद्धत आहे. त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजरासाठी विष आहे, आणि बंद गाडीत एकमेकांना चाटण्या-घासण्यातूनही ते पोहोचते. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगून दोघांना चालेल असेच औषध घ्यावे.

कागदपत्रांत लसीकरणाची पुस्तिका आणि रेबीजच्या लसीची ताजी नोंद असावी. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार कुत्र्या-मांजरांच्या वाहतुकीत, रस्त्याने असली तरी, प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत असावा लागतो. खासगी गाडीला तो कोणी फारसा विचारत नाही. तरीही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी घ्यावा, कारण त्या निमित्ताने तपासणी होते.

खाण्याबाबत म्हणाल तर प्रवासात नवे अन्न सुरू करू नये. आपल्या सोलापूरकरांची यात सोय आहे: कडक भाकरी. ती अनेक दिवस टिकते आणि मुक्कामी पोहोचल्यावर कोमट पाण्यात किंवा ताकात मोडून भिजवली की कुत्र्याला ओळखीचे जेवण मिळते. प्रवासाच्या दिवसांत दूध बंद ठेवलेले बरे. शेंगाचटणी लावलेला तुकडा मुलांच्या हातून जाणार नाही हे पाहावे, कारण तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो. निघण्यापूर्वी चार-पाच तास जेवण नको, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. मुख्य जेवण मुक्कामी द्यावे.

उष्माघाताची खूण लक्षात ठेवावी. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, लाळ घट्ट होते, पाय लटपटतात. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर थोडे पाणी पाजावे. बर्फात बुडवू नये. आणि बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये. प्रत्येक मुक्कामाच्या गावातील एका पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

रेल्वे_लाईन्स

रेल्वेचे विचारले आहे म्हणून सांगतो. कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा असेल तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याच नावावर असावी लागते. अन्यथा त्याला सामानाच्या डब्यातील पेटीत ठेवतात, आणि जूनमध्ये त्या पेटीचा विचारही करू नये.

मांजरीबद्दल मात्र मी नातेवाईकांच्या बाजूचा आहे. तिला ओळखणारे, खाऊ घालणारे शेजारी असतील तर चार दिवस पिंजऱ्यात कोंडून परमुलखात नेण्यात तिचे कोणते हित आहे?

सात_रस्ता_सोलापूर

वरील मताचा आदर ठेवून असहमती नोंदवते. मांजर जागेला धरून असते हे खरे. तथापि, तीन वर्षे घरात राहिलेल्या मांजरीचे दार बंद झाले, आतून ओळखीचे आवाज येईनासे झाले, की ती शेजाऱ्यांकडे राहायला जात नाही. ती त्याच बंद दाराशी बसते आणि मग आळीतली कुत्री असतात, वाहने असतात. चार दिवसांचा त्रास तिला सोसतो. पिंजऱ्यावर पातळ कापड टाकले की बहुतेक मांजरी तासाभरात ओरडायच्या थांबतात आणि मुटकुळे करून पडून राहतात.

खरी जोखीम रस्त्यावर नसते, ती दारांत असते. मांजर निसटते ती सामान चढवताना, खोलीत शिरताना आणि नव्या घरी हमाल ये-जा करत असताना. त्यामुळे ट्रक भरण्याच्या दिवशी तिला पिंजरा, पाणी आणि मातीच्या ट्रेसह न्हाणीघरात ठेवून बाहेर ‘दार उघडू नये’ असा कागद लावावा. तिचे अंथरूण धुवू नये आणि ट्रकमध्येही जाऊ देऊ नये, कारण पुढचे काही दिवस तो वासच तिचे घर असतो. गाडीत पिंजरा पुढच्या आसनामागे, पायांच्या जागेत घट्ट बसवावा. तिथे तो हलत नाही आणि ऊनही लागत नाही. गाडीचे एखादे दार उघडे असताना पिंजऱ्याची कडी काढायची नाही, हा नियम मुलीला आधीच समजावून ठेवावा, कारण दया सर्वात आधी मुलांनाच येते.

मुक्कामाच्या खोलीत गेल्यावर प्रथम खिडक्या, गॅलरी आणि पलंगाखालची पोकळी पाहावी. पेटीपलंगाला मागून भोक असेल तर मांजर आत शिरते आणि पहाटे चारला निघायच्या वेळी सगळे कुटुंब पालथे पडून तिला हाका मारत बसते. त्यापेक्षा रात्री न्हाणीघरच बरे. जयपूरच्या घरीही तिला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे आणि ती शेपटी वर करून दाराशी येऊ लागली की पुढची खोली उघडावी.

विजापूर_रोड

कुत्र्या-मांजरीवर सगळे बोलले, पोपटाचा उल्लेख कोणीच केला नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, पण सांगणे भाग आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित पक्षी आहे. तो पकडणे, विकणे आणि घरात पाळणे हे तिन्ही गुन्हे आहेत. कितीही वर्षे लळा लावून वाढवला असला तरी कायद्यात त्याने फरक पडत नाही. पिंजरा घेऊन दोन राज्यांच्या सीमा ओलांडणे तर मुळीच नको.

त्याला गच्चीवरून सोडून देणे हाही उपाय नव्हे. माणसाच्या हातून पेरू खाल्लेल्या पक्ष्याला थवा लगेच स्वीकारत नाही, शिवाय पिंजऱ्यात राहून पंखांतले बळ गेलेले असते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून आपणहून ताब्यात देण्याची इच्छा सांगावी. निघण्याच्या आदल्या दिवशीवर हे काम ढकलू नये. सासूबाईंना सोबत न्यावे, त्यांच्या हातूनच तो द्यावा.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांचा प्रवास यजमानांनी मान्य केला आहे. दुपारी खोलीत झोपायला मिळेल, या मुद्द्यावर ते लवकर वळले. मांजरी सोबत येईल. पोपटाचे सासूबाईंशी बोलले. त्या दिवसभर गप्प होत्या, संध्याकाळी म्हणाल्या की कायदा असेल तर असेल, पण तो जिथे जाईल ती जागा मी आधी बघणार. वन विभागाला उद्या फोन करत आहोत.

एक शंका राहिली आहे. कुत्र्याला पाणी बदलल्यावर जुलाब होतात. चार दिवसांचे पाणी घरूनच न्यावे का? काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात राहून साठवणीची भांडी भरपूर जमली आहेत, तेवढी अडचण नाही.

निवृत्त_पशुवैद्यक

संपूर्ण चार दिवसांचे नेण्याची गरज नाही. पहिल्या दोन दिवसांपुरते घरचे पाणी न्यावे. तिसऱ्या दिवसापासून त्यात निम्मे बाटलीबंद पाणी मिसळावे आणि जयपूरला पोहोचल्यावर तिथले पाणी उकळून, गार करून हळूहळू सुरू करावे. जुलाब झालेच तर एक वेळ जेवण कमी करून मऊ भात आणि ताक द्यावे. रक्त दिसले, उलट्या सुरू झाल्या किंवा तो पाणीही पिईना, तर मुक्काम वाढवून तिथल्या दवाखान्यात न्यावे. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर जो दूरध्वनी क्रमांक कोराल तो प्रवासात चालू राहणाऱ्या मोबाईलचा असावा. सोलापूरच्या घरच्या फोनचा क्रमांक अजून तसाच असेल तर आजच बदलून घ्यावा.