घरचं कळवा, तारीख मात्र नको
यजमान नौदलाच्या जहाजावरून पहिल्यांदाच लांबच्या तैनातीवर चाललेत, घरची दुखणीखुपणी त्यांना कळवू की नको, असं तुम्ही विचारलंय. वर बऱ्याच जणींनी 'कळवू नका' म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. एडनच्या आखातात 2008 पासून आपली जहाजं गस्तीला जातात. तिथल्या माणसाला अर्धवट बातमीच जास्त छळते. सासूबाईंना कुलाब्याच्या अश्विनीत, म्हणजे नौदलाच्या रुग्णालयात, दाखल केलं तेव्हा मी ह्यांना सरळ लिहिलं: काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, सोबत कोण आहे. जहाज कुठे आहे, कधी परतणार, हे मात्र सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा टाकू नका. बँकेच्या कामांचं मुखत्यारपत्र ते निघण्याआधीच करून घ्या.

आणि परतल्यावर लगेच दादर-डोंबिवलीच्या नातेवाइकांची रांग लावू नका, हे अगदी हात जोडून सांगते. आमचे हे पहाटे चारला टक्क जागे व्हायचे, जहाजावरच्या वॉचची, म्हणजे पाळीच्या ड्युटीची, सवय. धाकटी तर माझ्या ओढणीआड लपायची. तिला बळंच त्यांच्या कडेवर दिलं नाही. ह्यांनी फरशीवर बसून ठोकळे रचायला घेतले, की ती आपणहून सरकत जवळ जायची. त्याला चार दिवस लागतात, लागू द्या.